पीडमाँटमधील वाइनच्या यादीची पारख

एखाद्या घरच्या स्वयंपाकाची पारख करावयाची झाल्यास जाणता पाहुणा आधीं पक्वान्नाकडे पाहत नाहीं. पक्वान्न सणासुदीला कोणीहि करतो, आणि पैसे मोजले म्हणजे तें विकतहि आणतां येतें. जाणत्याची नजर जाते ती पानाच्या डाव्या बाजूस. चटणी ताजी वाटलेली आहे कीं नाहीं, कोशिंबीर त्या दिवसाच्या जेवणाला साजेशी आहे कीं नाहीं, यावरून त्या घरची रोजची रीत कळते. इटलींतील एखाद्या प्रादेशिक भोजनगृहांत वाइनची यादी हातीं आली असतां तिची परीक्षा कशी करावी, या प्रश्नाचें उत्तरहि याच वाटेनें शोधावें लागतें.

मद्याचा विषय निघतांच अनेक मराठी कुटुंबांत भुंवया उंचावतात, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु इटलींत वाइन हा भोजनाचाच एक भाग मानला जातो. जो स्वतः एक थेंबहि घेणार नाहीं, त्यालाहि या यादींतून त्या प्रदेशाची शेती, तेथील व्यापार आणि यजमानाची सचोटी वाचतां येते.

उदाहरणासाठीं इटलीच्या वायव्येचा पीडमाँट प्रांत घ्यावा. आल्बा या शहराभोंवतीं लांगे नांवाच्या टेकड्या आहेत, आणि त्यांच्या उतारांवर द्राक्षमळे पसरलेले आहेत. २०१४ सालीं युनेस्कोनें लांगे, रोएरो आणि मोंफेर्रातो येथील या मळ्यांच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. तेथें दूरदूरचे प्रवासी येतात ते बऱ्याच अंशीं बारोलो या वाइनच्या कीर्तीमुळें. बारोलो हें गांवाचें नांव. त्या वाइनच्या द्राक्षाचें नांव नेब्बियोलो. ही वाइन ठराविक अकरा गांवांच्या हद्दींतच पिकलेल्या निव्वळ नेब्बियोलो द्राक्षांची करावी लागते. ती निदान ३८ महिने मुरल्यावांचून विकतां येत नाहीं, आणि त्यांपैकीं १८ महिने ती लाकडी पिंपांत असावी लागते. १९८० सालीं इटलीच्या कायद्यांतील सर्वांत वरचा दर्जा ज्या मोजक्या वाइनना प्रथम मिळाला, त्यांत बारोलो व तिची शेजारीण बार्बारेस्को या दोघी होत्या.

साहजिकच पुष्कळ भोजनगृहांच्या याद्या बारोलोनें फुगलेल्या असतात. नवखा प्रवासी तीं पानें उलटतो, प्रसिद्ध उत्पादकांचीं नांवें मोजतो आणि यादी थोर असल्याचा निर्वाळा देतो. परंतु प्रसिद्ध बाटल्या जमविण्यास पैसा पुरतो. त्यांवरून मालकाचें भांडवल कळतें. त्याची दृष्टि कळण्यासाठीं यादीच्या तळाशीं जावें लागतें. तेथें दोल्चेत्तो, बार्बेरा, फ्रेइझा अशा कमी किमतीच्या वाइन असतात, किंवा असावयास पाहिजेत.

दोल्चेत्तो या शब्दाचा अर्थ ‘गोडुला’ असा असला, तरी ही वाइन गोड नसते. हें द्राक्ष लौकर पिकतें, म्हणून नेब्बियोलोला न मानवणाऱ्या थंड उतारांवर त्याची लागवड होत आली. तिची वाइन फार वर्षें ठेवावयाची नसते. ती ताजेपणींच प्यावयाची असते. बार्बेरामध्यें आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा अल्प. त्यामुळें आन्योलोत्ती, म्हणजे मांसाचें सारण भरलेल्या कणकेच्या लहान पुड्या, यांसारख्या स्निग्ध पदार्थाबरोबर ती उत्तम जुळते. खुद्द बारोलो करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरींहि रोजच्या जेवणाला बहुधा याच वाइन असत.

आज या रोजच्या वाइनवर संकट आहे. नेब्बियोलोला भाव अधिक मिळतो, म्हणून गेल्या कांहीं दशकांत दोल्चेत्तोचे वेल उपटून त्या जागीं नेब्बियोलो किंवा हेझलनटचीं झाडें लावण्याचें प्रमाण वाढलें आहे. भोजनगृहाच्या यादींतून एखादें नांव गेलें, कीं कांहीं वर्षांनीं मळ्यांतून तो वेलहि जातो. उलट उदाहरणहि याच प्रांतांत सांपडतें. तोर्तोना शहराजवळच्या टेकड्यांवरील तिमोरास्सो हें पांढरें द्राक्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जवळजवळ नामशेष झालें होतें. वाल्तेर मास्सा या उत्पादकानें १९८० नंतरच्या दशकांत त्याची चिकाटीनें जोपासना केली, हळूहळू इतर शेतकरी त्याच्या मागून आले, आणि आज ती वाइन दूरदूरच्या याद्यांत मानानें झळकते. ज्या भोजनगृहानें तिला अप्रसिद्ध असतांना जागा दिली, त्याचाहि या पुनरुज्जीवनांत वांटा आहे.

या टेकड्या सदैव संपन्न होत्या असें कोणीं समजूं नये. आल्बाचा लेखक बेप्पे फेनोल्यो यानें १९५४ सालच्या ‘ला मालोरा’ या लघुकादंबरींत लांगेच्या शेतकरी कुटुंबाचें कठोर दारिद्र्य चितारलें आहे. १९५८ सालीं बार्बारेस्को गांवच्या धर्मगुरूनें १९ लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून सहकारी संस्था उभी केली, ती गांवचीं माणसें गांवांतच जगावीं म्हणून. ती संस्था आजहि चालू आहे, आणि बार्बारेस्कोबरोबर साधी, सर्वांच्या आवांक्यांतील नेब्बियोलोहि विकते. अशा संस्थेची बाटली नामांकितांच्या शेजारीं दिसली, म्हणजे मालकाला आपल्या प्रदेशाचा इतिहास ठाऊक आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे नांवनिशी. स्वस्त वाइन निनांवी असली तर काय अनर्थ होतो, याचा अनुभव पीडमाँटनें घेतला आहे. १९८६ सालीं या प्रांतांतून निघालेल्या स्वस्त वाइनमध्यें मेथिल अल्कोहोल हें विष मिसळलेलें आढळलें. वीसएक माणसें प्राणांस मुकलीं, आणि कित्येकांची दृष्टि गेली. म्हणून यादींतील सर्वांत स्वस्त ओळ वाचतांना विचारावें, कीं ही वाइन कोणाची, कोणत्या गांवची, कोणत्या सालची? महागड्या बाटलीचें कूळ सांगावयास सगळेच उत्सुक असतात. सुरईतून येणाऱ्या सुट्या वाइनचेंहि कूळ जो सांगतो, तो मालक विश्वासास पात्र होय.

सालाचा अर्थहि प्रत्येक वाइनगणिक वेगळा असतो. नेब्बियोलोचा तुरटपणा काळानें निवतो, म्हणून कांहीं जुन्या बारोलो माफक किमतींत ठेवणारा मालक दूरदर्शी ठरतो. मोस्कातो द’आस्ती ही अल्प मद्यार्काची, गोड, फसफसणारी वाइन मात्र ताजीच हवी. हेझलनटच्या केकबरोबर ती शोभते. तिचें पांच-सहा वर्षांपूर्वींचें साल यादींत दिसलें, तर ती बाटली कपाटांत विसरली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

आतां किमतीचा हिशेब. समजा, एक बाटली मालकाला ८ युरोंना पडते व दुसरी ४० युरोंना. दोहोंची किंमत सरसकट तिप्पट केली, तर त्या २४ व १२० युरोंना विकल्या जातात. त्याऐवजीं प्रत्येक बाटलीवर १५ युरो ठराविक नफा घेतला, तर त्या २३ व ५५ युरोंना मिळतात. पेला, वाढपी आणि जागा यांचा खर्च दोहोंना सारखाच येतो. दुसऱ्या रीतींत उत्तम वाइन मध्यम स्थितीच्या पाहुण्याच्याहि हातीं येते. अर्थात् जुनी बाटली वर्षानुवर्षें सांभाळण्यांत पैसा अडकतो, आणि त्याचा मोबदला घेणें रास्तच आहे. पण कालच आणलेल्या बाटलीवर तिप्पट दाम लावणें, ही पाहुण्याच्या अज्ञानाची विक्री होय.

शेवटीं यादी पदार्थांच्या शेजारीं ठेवून वाचावी. तायारिन म्हणजे अंड्यांतील पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया. त्यांवर शरद ऋतूंत आल्बाचें पांढरें ट्रफल, म्हणजे भूमींत वाढणारें सुगंधी भूछत्र, किसून घालतात. तिच्याबरोबर मुरलेली नेब्बियोलो योग्य. बान्या काउदा या लसूण, तेल आणि खारवलेल्या अँचोव्ही मासळीच्या ऊन कालवणाबरोबर मात्र नाजूक जुनी वाइन देणें म्हणजे तिचा नाश करणें. तेथें तरुण बार्बेराच हवी. वाढप्यास सल्ला विचारावा. त्यानें आधीं ‘काय जेवणार?’ असें विचारलें, आणि मग यादीच्या खालच्या भागाकडे बोट दाखविण्यास तो कचरला नाहीं, तर पाहुण्यानें निश्चिंत व्हावें.

मात्र प्रादेशिकतेचा अतिरेकहि टाळावा. पीडमाँटला समुद्र नाहीं. तरी तेथील सर्वांत जिव्हाळ्याच्या कालवणांत समुद्राची मासळी आहे, आणि ती डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांनीं आणली. तेव्हां यादींत लिगुरियाची किंवा फ्रान्सची एखादी बाटली आढळली, म्हणून नाक मुरडूं नये. पाहुणे घरांत असावेत. फक्त घरच्या माणसांना त्यांच्यासाठीं बाहेर बसावें लागूं नये.

यादी मिटतांना एकच प्रश्न मनाशीं विचारावा, कीं यांतील प्रसिद्ध नांवें पुसून टाकलीं तर मागें काय उरेल? स्थानिक द्राक्षें, ओळखीचीं गांवें, नांवानिशीं सांगितलेले शेतकरी आणि रास्त दाम उरत असतील, तर ती यादी खरोखर पीडमाँटची आहे. कांहींच उरत नसेल, तर ती कोणत्याहि शहरांतील कोणत्याहि भोजनगृहांत चालली असती; आणि जें कोठेंहि मिळतें त्यासाठीं लांगेच्या टेकड्या चढून जाण्याचें कारण उरत नाहीं.