दुःखाच्या घरी आधी वचन नको
आज ईयोबाच्या तीन मित्रांबद्दल बोलूया. आपण त्यांना नेहमी नावं ठेवतो, पण दुसऱ्या अध्यायाचा शेवट बघा. ईयोबाची मुलं गेलीत, अंगभर फोड आलेत, आणि हे तिघे सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसलेत. एक शब्द नाही. माझ्या मते त्यांची खरी सेवा तीच. पुढे ईयोबानं आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि यांना राहवेना. तुझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणाले! 42व्या अध्यायात देव रागावला तो यांच्यावर. ईयोबाचं बोलणं मात्र त्यानं योग्य ठरवलं.

आपल्या मंडळीत कुणाचे वडील वारले की पाच मिनिटांत ग्रुपवर वचनांचे फोटो, ‘देवाची इच्छा’. वचन खरंच असतं हो, पण वेळ?

आमच्या तरुण संघातले दोघं जातात, डबा नेतात, मोबाईल सायलेंट. प्रार्थना विचारूनच. घरच्यांनी देवावर राग काढला, तर अडवायचं नाही. आणि आठवड्यानं पाहुणे पांगले की एक फोन. ‘जेवलीस का गं?’