काटेरी वेलाची पहिली तोडणी

(ढाणकी येथे कापणीच्या उपकारस्तुतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वेदीसमोर ज्वारीच्या कणसांशेजारी गुलाबी रंगाची फळे ठेवली होती. ती कुठली, असे बऱ्याच जणांनी विचारले. ती ड्रॅगन फ्रूटची आहेत आणि आपल्याच भागातल्या आंध कुटुंबांच्या शेतातून आली आहेत. गुजरातमध्ये 2021 साली या फळाला ‘कमलम्’ असे नाव दिले गेले. आमच्या वाडीवर मात्र त्याला ‘निवडुंगाचं फळ’ म्हणतात आणि ते चुकीचे नाही, कारण झाड निवडुंगाच्याच कुळातले आहे.

पाच कुटुंबांनी प्रत्येकी दहा गुंठ्यांत लागवड केली. तुमच्या देणगीतून सिमेंटचे खांब आणि वरची चक्री आली. दहा गुंठ्यांत सव्वाशे खांब बसले, एका खांबाला चार रोपे. खर्चाचा मोठा वाटा खांबांवर जातो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. झाड वीस वर्षे टिकू शकते, पण त्याचा भार पेलणारा खांब तितका टिकला पाहिजे.

वाण लाल गराचे, संकरित आहे. संकर म्हटले की आपल्या लोकांना कापसाचे बियाणे आठवते: दरवर्षी नवे पाकीट, दरवर्षी नवी उधारी. इथे तसे नाही. व्हिएतनामच्या दक्षिणेकडील फळ संशोधन संस्थेने तिथल्या पांढऱ्या गराच्या जातीचा कोलंबियाच्या लाल गराच्या जातीशी संकर करून ‘लाँग दिन्ह 1’ हे वाण काढले. अशा वाणाचे बी पेरले तर आईसारखे झाड येईलच असे नाही, पण फांदीचा तुकडा लावला तर हुबेहूब तेच येते. निरोगी फांदी कापायची, काप आठवडाभर सावलीत सुकू द्यायचा आणि लावायची. म्हणून पहिल्या दिवशीच आम्ही ठरवले, की ज्याला रोपे मिळाली त्याने पुढच्या कुटुंबाला कलमे द्यायची.

चुका झाल्या. पहिल्या पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचले आणि एका भावाची रोपे बुडाशी सडली. मी स्वतः सपाट जमिनीत लावायला सांगितले होते, तो दोष माझाच. आता सगळे उंच गादीवाफ्यावर आहे. मग मे महिन्याचे ऊन. निवडुंगाला उन्हाचे काय, असे आम्हाला वाटले. पण चाळीस अंशांच्या वर फांद्या पिवळ्या पडून भाजतात. महागडी जाळी परवडेना, तेव्हा बायांनी जुनी लुगडी बांधली आणि वर पऱ्हाटी टाकली. शोभा नाही, पण फांद्या वाचल्या.

फुलांचे सांगितलेच पाहिजे. ती रात्री उमलतात आणि सकाळी मिटतात. लाल गराच्या काही वाणांना आपल्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. आम्ही बांधाला पांढऱ्या गराची काही झाडे लावली आहेत. पावसाळ्यात रात्री नऊनंतर दोघी जावा बॅटरी आणि रंगाचा कुंचला घेऊन शेतात जातात, पांढऱ्याचा पराग लालला लावतात. पहिल्या रात्री सासरे हसले होते. आता तेच बॅटरी धरतात.

फूल आल्यापासून साधारण महिन्याभरात फळ तयार होते. हिरवे फळ गुलाबी होते आणि त्याचे पंख टोकाकडे सुकू लागतात. मग चार दिवसांत तोडायचे. उशीर झाला आणि पाऊस आला तर फळ तडकते. घाई केली तर त्याहून वाईट, कारण आंबा आढीत पिकतो तसे हे फळ तोडल्यावर गोड होत नाही. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने आठवडाभर आधी गाडी आणली. गाडी परत जाईल या भीतीने आम्ही अर्धी कच्ची फळे तोडली. भाव पडला, आणि बोलणी आम्हीच खाल्ली. यंदा गाडी उभी राहिली तरी कच्च्याला कात्री लावली नाही. ओढून तोडले तर साल फाटते, म्हणून थोडा देठ ठेवून कात्रीनेच, हातमोजे घालून.

हे पीक म्हणजे सर्व दुःखांवर औषध, असे मी म्हणणार नाही. कापूस आणि तूर कोणी सोडलेली नाही, सोडूही नये. पण जून ते नोव्हेंबर थोडेथोडे पैसे घरात येत राहिले. दिवाळीनंतर दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याने यंदा मुकादमाची उचल घेतली नाही, आणि त्यांची मुलगी सातवीच्या वर्गात आहे. एकच घर, पण मला ते मोजावेसे वाटते.

आता मागणे. आणखी सात कुटुंबे नाव देऊन बसली आहेत. कलमे पहिल्या पाच घरांतून फुकट मिळतील. ड्रिपसाठी आणि सरकारी अनुदानासाठी आम्ही तालुका कृषी कार्यालयात कागद घेऊन जाणारच आहोत, पण अनुदान बहुतेक खर्च झाल्यावर हाती येते आणि खांबवाल्याला आधी पैसे लागतात. मे अखेर खांब रोवले गेले, तर पहिल्या पावसाबरोबर लागवड होईल. ज्यांना शेत पाहायचे असेल त्यांनी जेवणानंतर माझ्याबरोबर चालावे. बुटांत या, वाटेत काटे आहेत.