ग्राझ : घरभाडे, नदी आणि शहराची हवा



26 सप्टेंबर 2021 रोजी ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात नगरपालिकेची निवडणूक झाली. सुमारे तीन लाख वस्तीचे हे त्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. त्या दिवशी कम्युनिस्ट पक्षाला 28.8 टक्के मते मिळाली, आणि अठरा वर्षे महापौरपदी असलेल्या झीगफ्रीड नागल यांचा पुराणमतवादी पीपल्स पार्टी हा पक्ष 25.9 टक्क्यांवर येऊन दुसरा ठरला. ज्या पक्षाला 1959 पासून संसदेत एकही जागा नाही, 2019 च्या राष्ट्रीय निवडणुकीत ज्याला एक टक्काही मते पडली नव्हती, तो एका मोठ्या शहरात पहिला आला! भांडवलदारी वृत्तपत्रांनी याचे श्रेय पक्षाच्या उमेदवार एल्के कार यांच्या सौजन्याला दिले. सौजन्य नाकारण्याचे कारण नाही. पण केवळ सौजन्याने निवडणुका जिंकता येत नाहीत. त्यांची भूमिका काय होती, हे पाहावयास हवे.

त्या भूमिकेचे मूळ घरभाड्याच्या प्रश्नात आहे. नव्वदीच्या दशकात एर्नेस्ट काल्टेनेगर या कम्युनिस्ट नगरसेवकाने भाडेकरूंसाठी दूरध्वनीवरून मदत देण्याचे केंद्र उघडले. घरमालक घर रिकामे करवून घेऊ पाहतो आहे, अनामत परत करीत नाही, भाड्याचा हिशेब फुगवतो आहे, अशा तक्रारी येत. त्यावर कायदेशीर सल्ला मिळे, प्रसंगी कोर्टाचा खर्चही. महापालिकेच्या घरांतील भाडेकरूवर भाड्याचा बोजा उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक पडू नये, ही मागणी पक्षाने सह्यांची मोहीम काढून मान्य करून घेतली. 2003 साली पक्ष 20 टक्क्यांच्या वर गेला तो या कामाच्या बळावर. पुढे 2005 पासून बारा वर्षे गृहनिर्माण खाते कार यांच्याकडे होते. कामगार कुटुंबात वाढलेल्या या बाई पगारातील ठरावीक हिस्सा स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम अडलेल्या लोकांना देतात आणि तिचा हिशेब दरवर्षी जाहीर होतो. हा दानधर्म झाला, अशी टीका काही डाव्यांनीही केली. ती पूर्णतः चुकीची नाही. परंतु लोकप्रतिनिधीने कुशल कामगाराच्या वेतनावर राहावे, हे तत्त्व पॅरिस कम्यूनइतके जुने आहे, हे टीकाकार विसरतात.

आता पर्यावरणाचा प्रश्न घेऊ. ग्राझ तीन बाजूंनी टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसले आहे. हिवाळ्यात थंड हवा खाली अडकते, वर उबदार हवेचे झाकण बसते, आणि मोटारींचा धूर व धूळ शहरावर दिवसेंदिवस साचून राहते. ही हवा सर्वांची असली तरी तिचा मार सर्वांना सारखा बसत नाही. टेकडीच्या उतारावर बंगला असणारा मनुष्य व हमरस्त्यालगतच्या स्वस्त खोलीत राहणारा मनुष्य एकच हवा घेत नाहीत.

मूर नदीवरील वीजप्रकल्पाच्या वादात ही भूमिका कसोटीला लागली. शहराच्या दक्षिणेस पुंटिगाम येथे बंधारा घालून वीज काढण्याची योजना होती. प्रवर्तकांच्या हिशेबाने ही वीज सुमारे 20 हजार घरांना पुरणार होती, आणि तिला 'हरित' म्हणून गौरविले जात होते. पण त्यासाठी नदीकाठची हजारो झाडे तोडावी लागणार होती. नागरिकांचे मत घ्या, एरवी अंदाजपत्रकाला पाठिंबा नाही, अशी भूमिका कम्युनिस्टांनी घेतली. नागल यांनी जनमत नाकारले, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली. कम्युनिस्ट 20 टक्क्यांवर टिकले, पण प्रकल्प थांबला नाही. मतदानानंतर लगेच काठावर कुऱ्हाड पडली. नागल यांनी अतिउजव्या फ्रीडम पार्टीशी युती केली आणि कार यांच्याकडील गृहनिर्माण खाते काढून त्या पक्षाला दिले. कार यांच्या वाट्याला आले वाहतूक खाते.

हेतू अर्थात त्यांना भाडेकरूंपासून तोडण्याचा असावा. घडले मात्र असे की, 2021 च्या प्रचारात त्या घरांबरोबर वाहतुकीवरही अधिकाराने बोलू शकल्या. नागल यांनी त्या वर्षी भुयारी रेल्वेची योजना मांडली. तिचा खर्च तीन अब्ज युरोंहून अधिक. कार यांचे म्हणणे होते की एवढ्या पैशाची वाट पाहत बसण्यापेक्षा ट्रामचे मार्ग वाढवावेत, उपनगरी रेल्वे सुधारावी, तिकीट स्वस्त करावे. कारण रोज कामावर जाणाऱ्याला मोटार सोडा असे सांगायचे तर त्याला परवडणारी ट्राम आधी दारात आली पाहिजे. दंड आणि महाग पेट्रोल यांच्या जोरावर हवा शुद्ध करू पाहणारे धोरण श्रीमंताची मोटार रस्त्यावर ठेवते आणि गरिबाची तेवढी काढून घेते.

दुसरा मुद्दा बांधकामाचा. ग्राझमध्ये इमारती झपाट्याने उभ्या राहत होत्या, पण त्यांतील कित्येक सदनिका राहण्यासाठी नव्हे, पैसा गुंतवून ठेवण्यासाठी होत्या. बागा गेल्या, माती काँक्रीटखाली गेली, आणि तरी भाडे उतरले नाही! घरभाडे व झाडे यांना वेगवेगळे प्रश्न समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. दोन्हींच्या मुळाशी जमिनीचा सट्टाच आहे.

17 नोव्हेंबर 2021 रोजी कार महापौर झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या पहिल्या स्त्री. ग्रीन पक्ष व सोशल डेमोक्रॅट यांच्यासह आघाडी झाली. वाहतूक व पर्यावरण ही खाती ग्रीन पक्षाच्या यूडिथ श्वेंटनर यांना मिळाली आणि गृहनिर्माण पुन्हा कार यांच्याकडे आले. सांडपाणी व कचरा यांच्या शुल्कातील ठरलेली वाढ आरंभीच थांबवण्यात आली. पण भाडेकायदा व्हिएन्नाच्या संसदेत होतो, ग्राझच्या सभागृहात नाही. महापालिकेच्या मालकीची घरे चार हजारांहून थोडी अधिक. बाकी शहर खाजगी घरमालकांच्या व गृहनिर्माण संस्थांच्या हाती. बंधारा बांधून झाला आहे. तोडलेली झाडे कोणत्याही ठरावाने परत येत नाहीत, आणि मोटारींचा लोंढा आजूबाजूच्या ज्या गावांतून रोज शहरात शिरतो, त्या गावांवर ग्राझच्या महापौराचा अधिकार चालत नाही.