गळाची काठी : कळकापासून कार्बनपर्यंत



आता गावोगावी शेततळी झाली आहेत. पाण्याबरोबर त्यात कटला, रोहू, मृगळ अशी मत्स्यबीजंही सोडली जातात. मासे वाढले की पोरं गळ घेऊन काठावर बसतात. पूर्वी त्यांच्या हातात कळकाची काठी असायची. आता तालुक्याच्या बाजारातून आणलेली, एकात एक सरकणारी लांब काठी असते. काठी सुधारली ही चांगली गोष्ट आहे. पण तिच्याबरोबर एक नवा धोकाही बांधावर आला आहे. म्हणून काठीत काय काय बदल होत गेले ते आधी पाहू, आणि मग काळजी काय घ्यायची ते सांगतो.

बांबूची काठी

बांबू वाकतो पण लवकर मोडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्याची खरी ताकद पाठीच्या बाजूला, म्हणजे सालीलगत असते. तिथे धागे दाट असतात, आतला भाग मऊ असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका तयार करणारा कारागीर होता. त्याने १८४० च्या दशकात बांबू चिरून सालीकडच्या पट्ट्या घेतल्या आणि त्या एकमेकींना चिकटवून काठी केली. पुढे तिकोनी कापाच्या सहा पट्ट्या जोडून षटकोनी काठी करण्याची पद्धत रूढ झाली. साल सगळी बाहेरच्या बाजूला आणि मऊ भाग काढलेला, त्यामुळे काठी बारीक होऊनही दणकट राहिली. यासाठी लागणारा उत्तम बांबू दक्षिण चीनमधून जात असे. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि तो बांबू तिथे मिळेनासा झाला.

काच आणि कार्बन

तोवर दुसरी वस्तू तयार झालीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, काचेचे बारीक तंतू राळेत बसवून केलेल्या काठ्या बाजारात आल्या. यालाच आपण फायबर म्हणतो. ही काठी कुजत नाही, तिला भुंगा लागत नाही, आदळआपट सोसते आणि किमतीलाही परवडते. मात्र ती जरा जड असते.

त्यानंतर कार्बन आला. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात मजबूत कार्बन तंतू तयार करण्यात आले. विमानासाठी हलकी आणि ताठ वस्तू हवी होती. १९७३ च्या सुमारास त्याच तंतूंच्या गळाच्या काठ्या विक्रीस आल्या. कार्बनची काठी वजनाला हलकी असते. माशाने नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. पण दगडावर आपटली किंवा पायाखाली आली, तर तिला न दिसणारी चीर पडते आणि पुढे ऐनवेळी ती मोडते.

दोरा आणि रीळ

काठीबरोबर दोराही बदलला. पूर्वी सुती किंवा रेशमी दोरा असे. तो वापरून झाल्यावर वाळवावा लागे, नाहीतर कुजत असे. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले. पाण्यात न दिसणारा, न कुजणारा दोरा त्यातूनच मिळाला. रिळाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधील लोकरीच्या गिरणीचे मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये एका रिळाचे पेटंट घेतले. गिरणीत बॉबिन फिरत नाही, दोरा तिच्या टोकावरून सुटत जातो. तीच युक्ती त्यांनी गळाला लावली. त्यामुळे हलके आमिषही लांब फेकता येऊ लागले.

मुख्य धोका : विजेची तार

आता नीट लक्ष द्या. कार्बनमधून वीज वाहते. कार्बनची काठी विजेच्या तारेला लागली, तर हातात लोखंडी सळई धरल्यासारखेच होते. उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागत नाही, काठी फार जवळ गेली तरी वीज उडी घेते. तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा करताना तारेला लागून माणसे दगावतात, तोच हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, तार तर उंच आहे. मग हिशेब करू या. तार जमिनीपासून २० फुटांवर आहे असे धरा. तळ्याचा बांध ४ फूट. उभ्या माणसाच्या खांद्याची उंची ५ फूट. काठी १२ फूट. एकूण झाले २१ फूट. शिवाय दोन खांबांच्या मध्ये तारेला झोळ असतो, तो वेगळाच.

मग आमची बांबूची किंवा फायबरची काठी बरी, असेही समजू नका. ओली काठी आणि ओला दोरा यांतूनही वीज येऊ शकते. काठीचा रंग पाहून ती कार्बनची की फायबरची हे ठरवू नका. फायबरलाही काळा रंग देतात.

म्हणून एवढे नियम पाळा :

१. तारेपासून निदान १०० फूट लांब बसा. तळ्याच्या ज्या बाजूवरून तार जाते, ती बाजू गळासाठी बंद ठेवा. खुणेचा दगड लावा आणि पोरांना जागा दाखवून सांगा.

२. एका जागेवरून दुसरीकडे जाताना काठी मिटवून, आडवी धरून न्या.

३. दोरा तारेत अडकला तर ओढू नका, तो तोडायला जाऊ नका. काठी सोडून लांब व्हा आणि वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवा.

४. कोणाला झटका बसला, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. वाचवायला धावलेला दुसरा माणूसही त्यातच जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावा.

५. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवा आणि तळ्यापासून दूर, पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका.

तळ्याचीही काळजी घ्या

प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात गळ तळाला जाऊ देऊ नका. तो कागदात रुतला आणि ओढला की भोक पडलेच, आणि पाणी चालले. अशा तळ्यात तरंगा बांधून आमिष वरच्या किंवा मधल्या थरात ठेवा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. तेव्हा या तळ्यातला मृगळ जाळ्यानेच काढलेला बरा. कागदाची बाजू शेवाळाने निसरडी होते, पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बांधाला पक्का दोर बांधून तो पाण्यात सोडून ठेवा आणि लहान मुलांना एकटे पाठवू नका.

तुटलेला नायलॉनचा दोरा बांधावर टाकू नका. तो कुजत नाही. पाखरांच्या पायात अडकतो, चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातो. गोळा करून घरी आणा. आणि पाझर तलाव किंवा धरण असेल, तर तिथले मासे धरण्याचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो. आधी त्यांना विचारा.

घरापुरते मासे धरायला कळकाची काठी आजही पुरते. चांगला पिकलेला, निदान तीन वर्षांचा बांबू पावसाळ्यानंतर तोडा, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. भुंगा कमी लागेल. विकत घ्यायचीच असेल, तर पोरांच्या हाती फायबरची द्या, ती आपटली तरी टिकते. काठी कोणतीही असो, पाण्यात गळ टाकण्याआधी एकदा मान वर करून तार कुठे आहे ते पाहायचे, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.