गुरूची खरखर

रेडिओवर स्टेशन लावताना मधेच खरखर आली, की आपण काटा पुढं सरकवतो. आज मी त्या खरखरीबद्दलच बोलणार आहे.

१९५५ साली अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एका शेतात बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन तारांचं जाळं उभारून आकाशातल्या रेडिओलहरी टिपत होते. कागदावर अधूनमधून वेडेवाकडे फटकारे उमटत. जवळून जाणाऱ्या एखाद्या मोटारीचा हा उपद्रव असावा, असं त्यांना वाटलं. पण हे फटकारे रोज साधारण चार मिनिटं आधी येत. मोटार काही अशी येत नाही. रोज चार मिनिटं आधी उगवतात ते तारे. मग जागा शोधली, तर तिथं गुरू ग्रह! पुढं ऑस्ट्रेलियात शेन या शास्त्रज्ञांनी आपल्या १९५०-५१ सालच्या नोंदी पुन्हा उघडल्या. त्यांतही तीच खरखर होती. पण तेव्हा ती कुणी ओळखली नव्हती.

ही खरखर येते कुठून? १९६४ साली बिग यांनी दाखवलं, की गुरूचा चंद्र आयो ठरावीक जागी आला की ती वाढते. आयो गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो. १९७९ साली व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रांत त्याचे धगधगते ज्वालामुखी दिसले. आयोवरून दर सेकंदाला सुमारे एक टन गंधक आणि प्राणवायू बाहेर पडतो. त्याचे अणू विद्युतभारित होऊन गुरूभोवती मेदूवड्याच्या आकाराचं कडं बनतं. अशा विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात. गुरू मात्र दहा तासांतच स्वतःभोवती फिरतो आणि त्याचं प्रचंड चुंबकीय क्षेत्रही सोबत फिरतं. ते आयोला मागे टाकत जातं, तेव्हा डायनामोसारखी वीज निर्माण होते. इलेक्ट्रॉन गुरूच्या ध्रुवांकडे धावतात आणि रेडिओलहरी फेकतात.

या लहरी साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर, १८ ते २२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान ऐकता येतात. साधारण सात मीटर तार मधोमध तोडून दोन्ही टोकं खांबांना ताणून बांधायची. विजेच्या तारांपासून दूर, आणि पाऊस-विजा असतील तर मुळीच नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावाबाहेर, नवेगावबांधच्या बाजूला किंवा धानाच्या बांधीत मध्यरात्रीनंतर गुरू आकाशात असावा. मोटारपंप, ट्यूबलाइट आणि चार्जर यांचा गोंगाट तिथं कमी असतो. कधी समुद्राच्या लाटांसारखा, कधी लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. रोज येईलच, असं नाही.

म्हणून काटा सरकवण्यापूर्वी वेळ लिहून ठेवा. पंपाचा आवाज वीज आली-गेली की बदलेल. पण खरखर रोज चार मिनिटं आधी येऊ लागली, तर ती सुमारे ६० कोटी किलोमीटरवरून, किंवा त्याहूनही दूरून आलेली असेल. शेन यांच्याकडे ती आधीच पोहोचली होती. फक्त ऐकणारा नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)