पिंगळा आणि रानपिंगळा

पिंगळा महाराष्ट्रातील खेडुताला नवा नाही. गावालगतच्या वडाच्या किंवा आंब्याच्या ढोलीत त्याचे बिऱ्हाड असते आणि दिवेलागणीला त्याचा कलकलाट सुरू होतो. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या जोशालाही लोकांनी पिंगळा हेच नाव दिले. रानपिंगळा हा त्याचाच सोयरा. परंतु पक्षिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस तो ११३ वर्षे पडला नाही.

दोघेही वीतभर उंचीचे. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी खुणा उतरत जातात. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि खालचे पोट शुभ्र. त्याचे डोके मोठे, पंजे बळकट. पण खरा भेद स्वभावाचा आहे. पिंगळा मुख्यतः संधिप्रकाशात आणि रात्री शिकार करतो व माणसाच्या शेजाराला सरावलेला असतो. रानपिंगळा भरदिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपतो आणि सागाच्या पानझडी रानाला धरून राहतो.

ब्लूइट यांनी १८७२ साली मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. १८८४ साली खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने मिळवलेल्या नमुन्यानंतर खरी नोंद उरली नाही. पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी आपल्या संग्रहातील एका नमुन्यावर गुजरातेतील मांडवी, १९१४, अशी चिठ्ठी लावली. तिच्यामुळे शोधाची दिशाच चुकली. कारण तो नमुना डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा नव्याने भरलेला होता. हे कपट ओळखून पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला दिसला.

त्यानंतर मेळघाट, तानसा आणि मध्य प्रदेश, गुजरातेतील काही रानांतही तो आढळला. तरीही त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. गाव वाढले तरी पिंगळ्याला कोठे तरी ढोली मिळते. रानपिंगळ्याला मात्र रानाबाहेर आसरा नाही. जुने, पोकळ झाड निरुपयोगी समजून तोडले जाते, तेव्हा त्याचे घरटेच जाते. खोटी चिठ्ठी खऱ्या नोंदींच्या आधारे खोडता आली. तुटलेल्या रानाची भरपाई कोणत्याही दप्तरातून करता येणार नाही.