दही, पुडी आणि इसब



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक सून ओट्यावर आली. भुसावळचे ऊन तुम्हांला सांगायला नको. कडेवर दीड वर्षाचे पोर. त्याच्या गालावर, कोपरात व गुडघ्याच्या लवणीत लाल चट्टे. खाजवून रक्त आलेले. ती म्हणाली, "गुरुजी, पोऱ्याले रातभर झोप नाही. दुकानदारानं ही पुडी दिली. यात चांगले जंतू आहेत म्हणे. वाचून पाहा बरं."

पुड्यांना तिची तीन दिवसांची मजुरी गेली होती. आणि पुडी आली म्हणून डॉक्टरांचे मलम तिने बंद केले होते! आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण विचारपूस केली, वाचले. कळले ते सांगतो.

हा विकार म्हणजे इसब. तो शिवल्याने लागत नाही. पोराचे ताट, अंथरूण वेगळे करू नका. घरात कुणाला दमा असला तर मुलाला इसब होण्याचा संभव जास्त. अशा मुलाची कातडी कोरडी असते. तिच्यात ओल टिकत नाही. घाम, धूळ, कडक साबण आत झोंबतात. मग अंग चवताळते, लाल होते. (गाजरगवताने अंगाला खाज सुटते, तेही अंगाचे चवताळणेच. पण ते गवत उपटणाऱ्या मोठ्या माणसांचे दुखणे.)

आता चांगले जंतू. तुम्ही रात्री कोमट दुधात विरजण लावता. सकाळी दही होते. ते काम जंतूंचेच. पुडीत त्यांचेच भाऊबंद वाळवून भरतात.

मग इसबावर त्यांचा गुण येतो का? फिनलंड देशात गरोदर बायांना व पुढे बाळांना असे जंतू दिले. ही सारी दमा-इसबाची घरे. २००१ साली निकाल छापून आला. जंतू न दिलेल्या शंभर मुलांत ४६ जणांना इसब झाला. दिलेल्यांत २३ जणांना. पुढे दुसरीकडे करून पाहिले, तर सगळीकडे तसे घडले नाही.

शिवाय पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणे वेगळे आणि कीड पडल्यावर फवारणे वेगळे. इसब झाल्यावर जंतू देऊन काय होते, याचे ३९ प्रयोग २०१८ साली एकत्र तपासले. माणसे सुमारे २,६००. खाज व झोप यांत फरक नाहीसारखाच!

दही खा, ताक प्या. चट्ट्यावर मात्र दही चोपडू नका. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या अशक्त बाळाला तर ही पुडी डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊच नका. तिचे जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते.

त्या बाईला आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले ते असे: कोमट पाण्याने लवकर अंघोळ उरका. अंग ओले आहे तोवर व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. कपडे सुती, सैल. नखे कापा. आणि मलम त्यांनी सांगितले तितके दिवस. दुकानातून कुणाचीही ट्यूब आणून लावू नका. काही मलमांत स्टिरॉइड असते. ते मनाने लावले तर कातडी पातळ होते. २०१८ पासून ती चिठ्ठीवाचून विकायची नाहीत, असा नियम आहे.

पोर झोपू लागले. थंडीत चट्टे पुन्हा आले, मलम पुन्हा सुरू झाले. परवा ती नवी ट्यूब घेऊन आली. मुदतीचे आकडे तिने स्वतः वाचले. महिना चुकला, साल बरोबर आले.